काळोखातलं ध्यान आणि डोळ्यांपुढचे देखावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीकडच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात अमावास्येच्या आगेमागे आम्ही काही जण काळोख करून बसतो. शिबिर नाही, फी नाही, गुरू नाही. येणाऱ्यांत गावातले असतात, मुंबई-पुण्याचे चाकरमानी असतात, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला नेमाने जाणारेही असतात. बसून झाल्यावर ओटीवर चहा होतो आणि दर वेळी तेच प्रश्न निघतात. तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून लिहून ठेवतो आहे. मी डॉक्टर नाही आणि सिद्धपुरुष तर नाहीच. वाचलेलं आणि बसून पाहिलेलं एवढंच इथे आहे.

डोळे मिटले की काळोखच होतो. मग खोली वेगळी काळोखी कशाला करायची?

पापणी पूर्ण अपारदर्शक नसते. उन्हात डोळे मिटून तोंड वर केलंत तर लालसर उजेड दिसतो, तो पापणीतून गाळून आलेला असतो. दिव्याच्या खोलीत डोळे मिटून बसलात तरी डोळ्याचा पडदा कामावरच असतो. काळोख्या खोलीत त्याला काही कामच उरत नाही, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. दुसरं म्हणजे, अशा खोलीत डोळे उघडे ठेवूनही बसता येतं. उघड्या डोळ्यांपुढे काहीही नसणं हा अनुभव आपल्याला जवळजवळ कधीच येत नाही.

आमच्याकडे कुणीतरी हटकून म्हणतं, ‘निसर्ग वादळानंतर आम्ही महिनाभर काळोखातच होतो की, आम्हाला नाही काही दिसलं!’ जून 2020 मध्ये दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे खरं. पण तेव्हा घरात कंदील होता, मेणबत्ती होती, आणि डोक्यावर कौलं उरली आहेत की नाहीत याची काळजी होती. तो काळोख वेगळा.

मग दिसतं तरी काय? खरं सांगा.

बहुतेकांना साधारण एका क्रमाने दिसतं, पण प्रत्येक पायरी प्रत्येकाला भेटेल असं नाही.

पहिली काही मिनिटं मागे राहिलेला उजेड दिसतो. बाहेर शेवटी जे पाहिलं, दाराची चौकट म्हणा नाहीतर बल्ब, त्याचा ठसा हिरवा-जांभळा होत होत विरतो. तो गेल्यावर वाटतं, आता काळंकुट्ट होईल. तसं होत नाही. जे उरतं ते काळं नसून करडं असतं, बारीक रवाळ, सतत वळवळणारं. जर्मन भाषेत त्याला ‘आयगेनग्राउ’ असं नावच आहे, म्हणजे डोळ्याचा स्वतःचा करडा रंग.

पुढे या करड्यात ढग उठतात. फिकट जांभळे, कधी हिरवट. कडेने सुरू होऊन मध्यभागी आक्रसत जाणारे, किंवा उलट. मध्येच ठिणग्या चमकतात. अर्ध्या-पाऊण तासानंतर काहींना नक्षी दिसायला लागते: जाळी, षटकोन, चक्राकार फिरणाऱ्या रेषा, आत ओढणारा बोगदा. त्याही पुढे मन डुलकीच्या काठावर आलं की चित्रं येतात. अनोळखी चेहरे, झाडी, पायऱ्या, कधी न पाहिलेलं गाव. ही चित्रं भलतीच स्पष्ट असतात आणि आपण ‘अरे, हे काय’ म्हणून बघायला गेलो की पुसली जातात.

पहिल्या बैठकीत करडा रवा आणि चार ढग दिसले तरी पुष्कळ झालं.

हे सगळं डोळ्यातून येतं की मेंदूतून?

दोन्हीकडून, आणि कुठलं कुठून येतं हे बऱ्यापैकी सांगता येतं.

डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडासाठी ज्या दंडपेशी असतात, त्या नऊ-दहा कोटींच्या घरात आहेत. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडात ते विरतं, काळोखात पुन्हा भरून येतं. भर उजेडासाठी आणि रंगांसाठी असलेल्या शंकुपेशी आठ-दहा मिनिटांत जुळवून घेतात, दंडपेशींना मात्र अर्धा तास ते चाळीस मिनिटं लागतात. तोवर डोळा इतका हळवा होतो की प्रकाशाचा एकेक कण एकेका पेशीला जागं करू शकतो. हेख्ट, श्लेअर आणि पिरेन या तिघा शास्त्रज्ञांनी 1942 मध्ये दाखवून दिलं की काळोखाला सरावलेल्या माणसाला क्षीण चमक दिसायला जेमतेम पाच ते चौदा प्रकाशकण पुरतात.

एवढ्या हळव्या यंत्राची एक अडचण असते. ऱ्होडॉप्सिनचा रेणू कधीकधी प्रकाश न पडताही, निव्वळ शरीराच्या उष्णतेने, उलटतो. पेशीला वाटतं उजेड आला आणि ती निरोप पाठवते. एका पेशीत हे काही मिनिटांतून एखाद्या वेळीच घडतं. पण पेशी नऊ-दहा कोटी! म्हणजे दर सेकंदाला लाखो खोटे निरोप. तो करडा रवा बऱ्याच अंशी यातूनच येतो.

नक्षीचं गणित आणखी सुंदर आहे. हाइनरिख क्लूव्हर या मानसशास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात अशा आकृत्यांची चार घराणी पाडली: जाळी, कोळिष्टक, बोगदा आणि चक्री. तो अभ्यास मेस्कलिन या भास घडवणाऱ्या द्रव्याच्या अमलाखाली दिसणाऱ्या आकृत्यांचा होता. पण मायग्रेनमध्ये, झोपेच्या काठावर, डोळे चोळल्यावर दिसणाऱ्या आकृत्याही याच घराण्यांतल्या निघतात. असं का, याचं उत्तर 1979 मध्ये एर्मेनट्राउट आणि कॉवन या गणितज्ञांनी मांडलं. पडद्यावरचं चित्र मेंदूच्या मागच्या भागात जसंच्या तसं उतरत नाही. मध्यभाग पसरट होतो, कडा दाबल्या जातात. आता बाहेरून काही येत नसताना त्या भागातल्या पेशी आपोआप चेतून त्यांचे पट्टे उठले आणि ते तिथे अगदी सरळ असले, तरी आपल्याला ते ‘बाहेर’ दिसताना उलट्या वाटेने दिसतात. सरळ पट्ट्याचं वर्तुळ होतं, तिरप्या पट्ट्याची चक्री होते. तुम्हाला बोगदा दिसतो तेव्हा तुम्ही स्वतःच्या मेंदूची वीण बघत असता. मला तरी हे कुठल्याही चमत्कारापेक्षा अचाट वाटतं.

चेहरे आणि देखावे हा तिसरा मजला. बॉस्टनमध्ये 13 धडधाकट माणसांच्या डोळ्यांवर सलग पाच दिवस पट्टी बांधून ठेवली होती. त्यांपैकी 10 जणांना काही ना काही दिसलं. काहींना नुसत्या चमका, काहींना चेहरे आणि देखावे. हा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. नजर उपाशी राहिली की मेंदू घरातलंच रांधून वाढतो.

म्हणजे हे सगळं खोटंच म्हणायचं. मग ध्यान कशाला म्हणता?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत दोन तट असतात. एकाला ते खोटं ठरवून मोकळं व्हायचं असतं, दुसऱ्याला ते दैवी ठरवून. मला दोघांचीही घाई कळत नाही.

जुन्या लोकांनी हे अनुभव नीट पाहिले होते. श्वेताश्वतर उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात योग्यापुढे आधी येणाऱ्या रूपांची यादी आहे: धुकं, धूर, सूर्य, वारा, अग्नी, काजवे, वीज, स्फटिक, चंद्र. मे महिन्याच्या अखेरीस आमच्या आगरात काजव्यांनी झाड लखलखताना ज्याने पाहिलंय आणि काळोखात बसून ठिणग्याही पाहिल्यात, त्याला ‘खद्योत’ हा शब्द वाचून क्षणभर थांबावंच लागतं. बौद्धांच्या कालचक्र या तांत्रिक परंपरेत तर काळोख्या खोलीत करायचा रात्रीचा योगच आहे, आणि त्याच्या खुणांतही धूर, मृगजळ, काजवे आणि दिवा येतात.

पण त्या श्लोकातला दुसरा शब्द लोक विसरतात. ही रूपं ‘पुरःसर’ आहेत, पुढे चालणारी. चोपदार आला म्हणजे राजा आला असं नाही. पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या बौद्ध आचार्यानेही श्वासावर ध्यान करणाऱ्यांना काय काय दिसतं ते लिहून ठेवलंय: कुणाला तारा, कुणाला मोती, कुणाला कापसाचा पुंजका, कुणाला धुराचा लोट, कुणाला कोळिष्टक, कुणाला रथाचं चाक. कोळिष्टक दोन्ही याद्यांत आहे बघा, क्लूव्हरच्याही. आणि एकाच ध्यानात हे वेगवेगळं का दिसतं, तर ज्याची त्याची संज्ञा, म्हणजे जाणून घेण्याची तऱ्हा, वेगळी म्हणून, असं बुद्धघोष म्हणतो. पंधराशे वर्षांपूर्वी एवढं स्वच्छ लिहिलेलं आहे!

म्हणून माझं म्हणणं इतकंच. जे दिसतं ते दिसलं, यात खोटं काही नाही. ते बाहेर नाही, हेही तितकंच खरं. ते येतं, बदलतं, जातं; आणि आपण त्याच्या मागे धावतो की जागेवर बसून राहतो, हे काळोखात जितकं उघड दिसतं तितकं उजेडात दिसत नाही. ध्यान हे त्या बसून राहण्याला म्हणायचं.

मला काळोखात माझा हात हलताना दिसतो. म्हणजे कुठून तरी उजेड येतोय का?

आधी फट शोधा. फट नसेल तर काळजी नको. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात दुये तादिन आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलंय: पूर्ण काळोखात स्वतःचा हात डोळ्यांसमोरून हलवला की साधारण निम्म्या लोकांना तो हलताना दिसतो. दुसऱ्या कुणाचा हात दिसत नाही, आपलाच दिसतो. हात कुठे आहे हे स्नायू मेंदूला कळवतात आणि मेंदू तिथे सावली काढून देतो. नव्या माणसाला मी पहिल्यांदा हाच प्रयोग करायला सांगतो. ‘दिसणं’ म्हणजे काय, यावर तासभर बोलण्यापेक्षा तो बरा.

सोबत बसलेल्या काकूंना निळा बिंदू दिसला. मला काहीच दिसत नाही. माझं काही चुकतंय का?

नाही. काकूंचंही काही विशेष बरोबर आलंय असं नाही.

आपल्याकडे निळ्या बिंदूला उगाच प्रमाणपत्राची कळा आली आहे. कुणाला तो दिसला की बाकीच्यांचे चेहरे पडतात, आणि पुढच्या बैठकीला आणखी तिघांना दिसतो. निळसर-जांभळा डाग हा मिटल्या डोळ्यांपुढचा अगदी नेहमीचा पाहुणा आहे. शिवाय काही माणसांच्या मनात चित्रं मुळात उमटतच नाहीत. आई डोळ्यांसमोर आण म्हटलं तर त्यांना आई आठवते, दिसत नाही. 2015 मध्ये अ‍ॅडम झेमन या मेंदूतज्ज्ञाने या ठेवणीला ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. असे लोक काळोखात शांत बसतात, छान बसतात, आणि बाहेर येऊन सांगायला त्यांच्याकडे काही नसतं. चहाच्या वेळी त्यांची पंचाईत होते एवढंच.

त्राटक किंवा षण्मुखी मुद्रा केली तर लवकर दिसेल का?

त्राटकात ज्योतीकडे टक लावल्यावर डोळे मिटले की ज्योतीचा ठसा दिसतो. तो पडद्याचा थकवा आहे. एकाग्रतेला टेकू म्हणून ठीक, पण काळोखात बसण्याच्या लगेच आधी करू नका. बराच वेळ तोच ठसा तुमची सोबत करेल.

षण्मुखीत बोटांनी कान, डोळे, नाक झाकतात. बोटं पापणीवर नुसती टेकवायची असतात. लोक दाबतात. दाबलं की रंगांची आतषबाजी होते, कारण दाबाने पडद्याच्या पेशी चेतवल्या जातात. बोहेमियाचा शास्त्रज्ञ पुर्किन्ये 1819 मध्येच या आकृत्यांची चित्रं काढत बसला होता. पण काचबिंदू असणाऱ्याने, मोठा चष्मा असणाऱ्याने, डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्याने असा दाब देणं धोक्याचं आहे. आमच्या माजघरात डोळे दाबायचे नाहीत, हा नियमच आहे. उपनिषदानेही साधनेच्या जागेबद्दल बोलताना ‘डोळ्यांना पीडा न देणारी’ असंच म्हटलंय. (त्याच श्लोकात जागा वाळू नसलेली हवी असंही आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काय करावं कोण जाणे.)

तिबेटी लोक 49 दिवस काळोखात राहतात म्हणे. आपण आठवडाभर राहून बघावं का?

नका राहू.

तिबेटच्या बोन आणि न्यिंगमा या धर्मपरंपरांत काळोखातला एकांतवास आहे आणि 49 दिवसांची मुदतही आहे. मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या काळाशी तो आकडा जोडलेला आहे. पण तिथे माणूस आधी वर्षानुवर्षं तयारी करतो, गुरू रोज दाराशी येऊन विचारपूस करतो, जेवण उजेड आत येणार नाही अशा दुहेरी कप्प्यातून देतात, आणि मनाचा तोल ढळतोय असं वाटलं तर दार उघडणारं कुणीतरी असतं. आपण यातलं फक्त ‘काळोख’ उचलतो. समुद्रकिनाऱ्याच्या रिसॉर्टमध्ये वीकेंडला ‘डार्क रिट्रीट’ आणि रात्री सुरमईची थाळी, हा प्रकार मला तरी झेपत नाही.

पन्हाळेकाजीच्या लेण्यांत बसता येईल का? तिथे हीच साधना चालायची ना?

पन्हाळेकाजी दापोली तालुक्यातच, कोटजाई नदीकाठी आहे. 29 लेणी आहेत. सुरुवात बौद्धांची, पुढे वज्रयानी (तांत्रिक बौद्ध), मग शैव, आणि शेवटी नाथपंथी. एकाच कातळात हजार-बाराशे वर्षांची ये-जा. 14 क्रमांकाच्या लेण्यात नाथसिद्धांच्या मूर्ती आहेत. जरूर जा, पण बघायला. ती संरक्षित वास्तू आहे, दार लावून बसायची खोली नव्हे. लेण्याचं तोंड उघडं असतं, आत उजेड येतो, आणि वटवाघळांना तुमच्या समाधीची कदर नसते. तिथल्या सिद्धांचं नाव सांगून कुणी महागडं काळोख-शिबिर विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

पावसच्या परंपरेतलं सोऽहम् करतो. ते काळोखात चालेल?

चालेल, उत्तम चालेल. स्वामी स्वरूपानंद नाथपरंपरेतले. पावसच्या त्या एका घरात चार दशकं राहून त्यांनी साधना केली आणि लोकांना सोऽहम् सांगितलं. श्वासाबरोबर चालणाऱ्या जपाला डोळ्यांचं कामच नाही. उलट काळोखात देखावे सुरू झाले की परत यायला श्वास हीच हक्काची जागा असते. तुमची रोजची साधना जी असेल तीच करा, फक्त दिवा मालवून.

काळोखात मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य झरतं आणि तिसरा डोळा उघडतो, असा व्हिडिओ बघितला.

मीही बघितला; तो सगळ्यांकडे फिरतोय. पिनिअल ग्रंथी काळोखात मेलॅटोनिन सोडते, हे पक्कं आहे. त्याने झोप येते. उंदरांच्या पिनिअलमध्ये डीएमटीचा अंश सापडल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं, इथवरही ठीक. पण माणूस काळोखात बसला की त्याच्या डोक्यात दृश्यं दिसण्याइतकं डीएमटी तयार होतं, याला पुरावा नाही. आणि त्याची गरजही नाही. जे दिसतं त्याला वर सांगितलेली कारणं पुरेशी आहेत.

मला कोपऱ्यात एक बाई बसलेली दिसली. घर जुनं आहे. काही बाधा तर नसेल?

कोकणात हा प्रश्न येणारच. आपण लहानपणापासून चकवा, हडळ, गिऱ्हा, देवचार ऐकत झोपलोय. मेंदू रिकाम्या करड्यावर चित्र काढतो तेव्हा रंग त्याच डब्यातले घेतो. तिबेटी माणसाला तिथे त्याच्या देवता दिसतात, आपल्याला हिरव्या लुगड्यातली बाई दिसते.

यावर एक साधी तपासणी आहे. डोळे उघडे असतील तर मान वळवा. बाईही तुमच्या नजरेबरोबर सरकली, तर ती तुमच्या डोळ्यांमागे आहे, कोपऱ्यात नाही. एवढ्याने धीर आला नाही तर सरळ उठा आणि दिवा लावा. काळोखात घाबरून बसून राहण्यात कसलीही साधना नाही. आणि घरच्या आजींना त्यानंतर रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं असेल तर घालू द्या, त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

पावसात बसलो तेव्हा आरती ऐकू आली. आसपास देऊळ नाही.

आषाढात पन्हाळी पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की कानाची गत डोळ्यासारखीच होते. एकसारखा, न संपणारा आवाज म्हणजे कानाचं करडं. त्यात मेंदू ओळखीचं शोधतो आणि त्याला ते सापडतं: टाळ, आरती, कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं, लांबून येणारा मोटरसायकलचा आवाज. डोळ्यांच्या बाबतीत हाच प्रयोग जर्मन शास्त्रज्ञ मेट्झगरने 1930 च्या दशकात एकसारख्या रंगाच्या भिंतीपुढे माणसं बसवून केला होता. तिथे काळोख नव्हताच, तरी लोकांना काहीबाही दिसलं. म्हणजे खरी अट काळोखाची नाही, फरक न जाणवण्याची आहे.

नव्या माणसाने मुसळधार पावसात पहिली बैठक करू नये असं माझं मत. डोळे आणि कान दोन्ही एकदम सुटले की गोंधळायला होतं. सवय झालेल्यांना मात्र पावसाळ्यासारखा दुसरा काळ नाही.

दहा मिनिटं बसलो असं वाटलं, बाहेर आलो तर तास झाला होता. असं कसं?

होतं तसं. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ 1962 मध्ये आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने 20 ऑगस्ट चालू होता. म्हणून बाहेर एक माणूस घड्याळ घेऊन ठेवायचा आणि वेळ झाली की त्याने दारावर हलकेच टकटक करायची. आत मोबाइलचा गजर नको, त्याचा पडदा उजळतो.

कुणी बसू नये?

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे आजार आहेत. ज्यांना फिट येतात. ज्यांच्यावर नुकताच मोठा आघात झालाय. काळोखात कोंडलं गेल्याची जुनी भीती ज्यांच्या मनात आहे. आणि जे रात्र-रात्र जागून आलेत, त्यांनी बसू नये. अपुऱ्या झोपेत मनाची पकड आधीच सैल असते. मनोविकाराची औषधं चालू असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, माझ्याशी नको.

आणखी एक, हे नीट वाचा. काळोखात न बसताही, एका डोळ्यात अचानक चमका मारायला लागल्या, काळे ठिपके वाढले, किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर ते ध्यान नाही. डोळ्याचा पडदा सुटत असल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मधुमेह असणाऱ्यांनी तर अजिबात हयगय करायची नाही. साधनेने ‘प्रकाश दिसू लागला’ म्हणून आनंदात आठवडा घालवला तर दृष्टी जाऊ शकते.

आमच्या आजोबांची नजर अधू झाली आहे. ते भरदिवसा म्हणतात, अंगणात बारकी माणसं चालली आहेत. त्यांना काळोखात बसवावं का?

आजोबांना काळोखात बसवायची गरज नाही, त्यांच्या डोळ्यांत तो उतरलाच आहे. नजर मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसांना नक्षी, लहान आकाराची माणसं, पोशाखातल्या मिरवणुका दिसतात, आणि पुष्कळदा ते खरं नाही हे त्यांना कळतही असतं. शार्ल बोने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने 1760 मध्ये स्वतःच्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले, त्याचंच नाव या प्रकाराला आहे. वेड नाही, बाधा नाही. डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. आणि त्यांना गप्प बसवू नका. हसतील म्हणून म्हातारी माणसं हे लपवतात.

खोली कशी तयार करायची?

माजघर किंवा बाळंतिणीची खोली सर्वांत बरी, खिडक्या कमी असतात. काचेचं कौल असेल तर त्यावर गोणपाट टाका. दाराखालच्या फटीला गोधडी. मग आत बसून वीस मिनिटं थांबा आणि उरलेल्या फटी शोधा. आधी त्या दिसतच नाहीत. इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, राउटर, डास मारायच्या मशीनचा लाल दिवा, सगळं काढा. मच्छर अगरबत्तीही नको, तिचं टोक काळोखात डोळ्यात घुसतं आणि बंद खोलीत धूर कोंडतो. मच्छरदाणी लावा. हवा खेळती हवी. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर खोलीत किंवा खोलीला लागून अजिबात नको.

दिवा मालवण्याआधी बॅटरी घेऊन कोपरे, अंथरूण, उशीखाली पाहून घ्या. विंचू आणि फुरशासारखे साप हीच आमच्याकडची खरी भीती, भुतं नव्हेत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपचार शोधल्यापासून माणसं वाचायला लागली, तरी दंश झाला तर आधी दवाखाना गाठायचा. बॅटरी हाताशी, ठरलेल्या जागी ठेवा.

किती वेळ बसावं?

पहिल्यांदा पाऊण तास. डोळा सरावायलाच अर्धा तास जातो, त्यामुळे वीस मिनिटांत उठलात तर दार उघडून परत फिरल्यासारखं होतं. नंतर दीड-दोन तासांपर्यंत. त्याहून जास्त आम्ही करत नाही.

दिसलेलं लिहून ठेवावं का?

एखाद्-दोन ओळी, बाहेर आल्यावर. आतून शब्द जुळवायला लागलात की बसणं संपलं आणि वर्णन सुरू झालं. रोज वही भरणाऱ्यांना दर वेळी मागच्यापेक्षा काहीतरी भारी दिसावं लागतं, आणि मग ते दिसतंही.

उठताना काय काळजी घ्यायची?

ट्यूबलाइट एकदम लावू नका, डोळे चरचरतात. आधी दार बोटभर उघडा, दोन-तीन मिनिटं तसंच बसा, मग शेजारच्या खोलीत समई किंवा मंद दिवा. पायाला मुंग्या आलेल्या असतात आणि जुन्या घरांचे उंबरे उंच असतात, तेव्हा भिंत धरून उठा. निदान अर्धा तास गाडी चालवायची नाही. दापोलीकडच्या घाटात समोरच्या ट्रकचे दिवे आणि तुमचे ताजे सरावलेले डोळे यांचं जमत नाही. रात्रीची बैठक असेल तर सरळ मुक्कामाला या, पडवीत जागा आहे. अंथरूण-पांघरूण मात्र स्वतःचं आणा.